मागे राहणारी

ओमा गायची तेव्हा आवाज यायचा नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला काहीतरी हवंय आणि घशातून शब्द फुटत नाही. मी धावत पाणी आणलं. तिने हातानेच थांब म्हटलं. ओठ हलत होते. मधेच श्वास घ्यायची, हनुवटी थोडी वर जायची, एखाद्या ठिकाणी भुवया उंचवायच्या. गाणाऱ्या माणसाचं सगळं काही होतं, फक्त गाणं नव्हतं. खोलीत पंखा फिरत होता आणि पिंजऱ्यातलं पाखरू दाण्यांची टरफलं उडवत होतं. बऱ्याच वेळाने तिचे ओठ मिटले. मग माझ्या हातातलं पाणी घेऊन म्हणाली, "थँक यू, किंड."

किंड म्हणजे लेकरू. साठी ओलांडलेल्या बाईला कोणी लेकरू म्हणावं याचं मला हसू आलं, पण ती माझ्या आईच्या वयाची होती. आणि ओमा म्हणजे तिच्या भाषेत आजी. तिची नातवंडं म्हणायची, त्यांचं ऐकून माझी नात म्हणायला लागली, मग मीही तेच धरलं.

आम्ही सिंगापूरला, बुकित पंजांगला राहतो. मुलाचं ऑफिस बुओना व्हिस्टाला, पण घर त्याने इकडे घेतलं, सरकारी इमारतीतला भाड्याचा फ्लॅट. लांब कॉरिडॉर, ओळीने दारं, प्रत्येक दाराला लोखंडी जाळीचं गेट. आमच्या शेजारचं दार ओमाचं. ती जर्मन. तरुणपणी इथल्या एका चिनी माणसाशी लग्न करून आली आणि इथलीच झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाथरूममध्ये पडल्यापासून ती व्हीलचेअरवर होती. लेक पाया लेबारच्या मॉलमध्ये दुकान सांभाळायची, तिला रविवारीच जास्त काम. आणि ओमाकडे ठेवलेल्या बाईची सुट्टीही रविवारीच. एकदा लेक आमच्या गेटपाशी येऊन सुनेला म्हणाली, "तुझ्या सासूबाई घरीच असतात ना? संडेला मम्मीजवळ बसतील का? काही करायचं नाही. जस्ट सिट, लाह." इथले लोक बोलताना शेवटी असं लाह, मेह लावतात.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. "आई, जमेल?"

मला नाही म्हणता येत नाही. लोकांसमोर हो सुद्धा नीट म्हणता येत नाही. मी मान हलवली.

"एकच गोष्ट, आंटी," लेक म्हणाली. "तिला एकटीला सोडायचं नाही. कधीच. आणि आग नाही, मेणबत्ती नाही, काडी नाही. प्रॉमिस?"

मी पुन्हा मान हलवली. मेणबत्तीचं तिने का काढलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

माझी शाळा चौथीला सुटली. इंग्रजी इथे येऊन लिफ्टमध्ये, बाजारात, नातीच्या शाळेच्या दाराशी जेवढं कानावर पडलं तेवढंच. पण ओमाचं इंग्रजीही शिकून आलेलं नव्हतं, संसार करता करता आलेलं होतं, आणि तिला बोलायची घाई नसायची. शब्द कळला नाही तर हातांनी दाखवायची. जे हातांनीही कळायचं नाही ते लेक घरी आल्यावर सांगायची. अशा रीतीने पुष्कळ रविवार लागले, पण तिची गोष्ट मला पूर्ण कळली.

सुरुवात मीच केली होती. मी विचारलं, "गाताना आवाज का नाही?"

ती म्हणाली, "शिपाई ऐकतील."

मी दाराकडे पाहिलं. कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. समोरच्या आजोबांच्या कुंड्यांना पाणी घातलेलं होतं, ते फरशीवरून हळूहळू आमच्याकडे येत होतं.

गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची. तिच्या मुलखात तेव्हा लढाई चालली होती. सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेली पोरं त्याच लढाईत म्हातारी दिसायला लागली, अशी. मी विचारलं, एका बाजूचा देव कोणता आणि दुसऱ्या बाजूचा कोणता?

"एकच. येशू."

"दोन्हीकडे येशू? मग भांडण कशावरून?"

ओमाने जरा विचार केला. "देवळात पाव कसा द्यायचा. कोणी बोलायचं. असं." मग म्हणाली, "नंतर शिपायांनाही माहीत नव्हतं. त्यांना भूक लागली होती."

दोन्हीकडचं सैन्य आळीपाळीने यायचं. धान्य न्यायचं, गुरं न्यायचं, घरं जाळायचं. देवळाची घंटासुद्धा उतरवून न्यायचे, तोफा ओतायला. म्हणून गावाने घंटा तळ्यात बुडवून ठेवली होती. एका वर्षी पिकं घरात आल्यावर वर्दी आली की सैन्य जवळ आलंय, आणि सगळं गाव रानात पळालं, दलदलीच्या पलीकडे. पण तेवढ्याने भागत नसे. रिकामं गाव दिसलं की शिपायांना कळायचं, माणसं जवळच लपली आहेत आणि धान्य त्यांच्यापाशी आहे. मग कुत्री घेऊन शोधायचे. म्हणून एक म्हातारी मागे राहिली. कोणी म्हणतं तिला चालता येत नव्हतं, कोणी म्हणतं ती आपण होऊन राहिली. तिने सगळ्या घरांची दारं सताड उघडी टाकली. प्रत्येक घरात चूल पेटवली आणि तिच्यात एका काटेरी झुडपाच्या ओल्या फांद्या घातल्या. प्लेगाने माणसं मेली की त्या काळी तिकडे घरात असाच धूर करायचे.

शिपाई आले. दारादारांतून धूर, माणूस एक नाही, आणि एक म्हातारी या घरातून त्या घरात जातेय. तिने त्यांना सांगितलं, सगळे मेले, मी उरले. ते घोड्यांवरून खालीसुद्धा उतरले नाहीत.

रानातल्या लोकांना यातलं काही दिसत नव्हतं. झाडांच्या शेंड्यांवर धूर तेवढा दिसत होता. पोरं रडू नयेत म्हणून बाया देवाचं गाणं म्हणत होत्या, पण नुसत्या ओठांनी, आणि पोरं आयांच्या तोंडाकडे बघत गप्प राहिली. धूर आहे तोवर ती आहे. ती आहे तोवर आपण मेलेले आहोत. आणि मेलेल्यांना कोणी शोधत नाही. असं म्हणत गाव रानात बसून राहिलं.

सैन्य लांब गेल्याची खात्री झाल्यावर ते परतले. धूर तेव्हाही होता. प्रत्येक घरात चूल गरम होती. म्हातारी देवळाच्या पायरीवर सापडली. ओमाने आपल्या हाताची बोटं वाळलेल्या पानासारखी आत वळवून दाखवली. तिला मरून बरेच दिवस झाले होते.

"मग चुली?" मी विचारलं.

ओमाने खांदे उडवले. "वॉर्म," ती म्हणाली. "वॉर्म, किंड."

माझा उजवा हात मांडीवर होता, त्याची बोटं मी मुठीत घेतली.

माझं माहेर कोकणात, मालवणाकडे. आमच्या गावात गावपळण करतात. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाला कौल लावायचा, देवाने हो म्हटलं की ठरल्या दिवशी नौबत वाजते आणि सगळं गाव वेशीबाहेर निघतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं. मागे जिवंत काही ठेवायचं नाही. पलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी करून राहायचं, देव परत या म्हणेपर्यंत. तोवर गाव आपलं नसतं. मग कोणाचं असतं, हे कोणी बोलत नाही.

शाळेत जात होते तेव्हाची गावपळण मला नीट आठवते. आईने निघताना चुलीवर पाणी ओतलं आणि राखेत हात फिरवून पाहिला, कुठे निखारा राहिला नाही ना. आमच्याकडे आग विझवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. माझी चुलत आजी अंथरुणाला खिळलेली होती, तिला खाटेसकट उचलली. ती खाटेवरून ओरडत होती, "माका हयच ठेवा रे! त्येंका जेवूक कोण घालतला?"

"तुझ्या हातचां जेवले तर पळान जातीत," खाट धरलेला काका म्हणाला. सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता मागे वळायला लागले, तर आईने मानगूट धरली.

"मागे वळान बघू नको गो. ह्यां घर आता आपलां नाय."

माळावर पोरांची चैनच होती. फुगड्या, भजनं, सगळ्यांचं जेवण एकत्र. पण एका संध्याकाळी आम्ही खेळत असताना गावाकडे माडांच्या वर धूर दिसला. बारीक आणि सरळ, कोणी एकाच घरची चूल पेटवावी तसा. एक मुलगी म्हणाली, तुमच्या घराकडे आहे गो. मोठ्या माणसांनी आम्हाला खोपींत ढकललं. काय ते कोणी सांगितलं नाही. भजन मात्र एकदम मोठ्याने सुरू झालं.

परत आलो तेव्हा आई अंगणात शेणाचा सडा घालत होती. मी आधी आत शिरले आणि चुलीत हात घातला. वरची राख गार होती. आत बोटं खुपसली, तिथे गरम होती. मी हात परकराला पुसला आणि बाहेर आले. आईने त्याच राखेवर जाळ केला. ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, नवऱ्याला नाही, मुलाला नाही. विचारलंच नाही कोणी.

ओमाला सांगितली. माझ्या मोडक्या इंग्रजीत, हातांनी चूल दाखवत, धूर दाखवत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात ओढून घेतला आणि बोटं नाकाशी नेली, जणू इतक्या वर्षांनीही वास असेल. "तीच बाई," ती म्हणाली. मग तिला हसू आलं. "फार चालते ती."

मला हसू आलं नाही.

तेव्हापासून तिच्या गावाने तो दिवस पाळला. पिकं घरी आली की एका संध्याकाळी सगळे रानात जायचे, दारं उघडी टाकून. एक म्हातारी मागे राहायची, घराघरांत धूर फिरवायची. बाकीचे रानात बसून ते गाणं ओठांनी म्हणायचे. ओमा लहान असताना तिची आजी मागे राहायची. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्या सगळ्यांनाच तिथून हाकललं, आता ते गाव दुसऱ्या देशात आहे आणि तिथे दुसरी माणसं राहतात. पण जो जिथे गेला तिथे त्याने तो दिवस पाळायचा, असं ठरलं होतं. सिंगापूरला आल्यावर ओमाने नवऱ्याला हे भीत भीत सांगितलं. नवऱ्याच्या आईने ऐकलं आणि म्हणाली, त्यात काय, घर रिकामं टाकायचं नसतंच. ती चिनी सासू दर वर्षी वर राहून आपल्या उदबत्त्यांचा धूर खोल्याखोल्यांत फिरवायची, आणि ओमा, नवरा आणि लहानगी लेक खाली बाकावर बसून ओठ हलवायची. सासू गेल्यावर ओमा वर राहू लागली. आधी तिच्या गावच्यांची पत्रं यायची, कोण कुठे राहिलं, कोणी धूर केला. मग ती यायची थांबली.

"आता मी एकटी," ती म्हणायची. तक्रार म्हणून नाही. खिडकी बंद आहे, असं सांगावं तसं.

गेल्या वर्षी लेकीने तिला नर्सिंग होममध्ये ठेवायचं ठरवलं. तिचाही इलाज नव्हता, ओमाला उचलणं एका माणसाचं काम राहिलं नव्हतं. जागा मिळाली होती, पुढच्या महिन्यात जायचं होतं. तिथे धूर कुठून करणार? आणि तो दिवस त्याआधीच्या रविवारी येत होता.

"तू धूर करून ठेव," ओमा म्हणाली. "मग खाली जा. दार उघडं राहू दे. मी वर राहते. आकाशातला उजेड पूर्ण गेला की ये."

मी म्हटलं, मी तुझ्या लेकीला शब्द दिलाय.

"तिला भीती वाटते, मी या खुर्चीत एकटी मरेन. मला भीती वाटते, धूर दिसणार नाही." तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या हातात काहीच वजन नव्हतं. "एकदा तुटलं की तुटलं, किंड. चारशे वर्षं ते लोक रानात बसलेत. त्यांना कोण सांगणार?"

तो आठवडा मला जेवण गेलं नाही. दिलेला शब्द मोडायचा, ही एक भीती. दुसरी मी कोणापाशी बोलू शकत नव्हते. आमच्यात घर रिकामं करताना जिवंत माणूस मागे ठेवत नाहीत. ठेवलं तर ते मग आपलं राहत नाही. सुनेला विचारावंसं वाटलं, पण ती म्हणाली असती, आई, त्यांच्या लेकीला फोन करा. तेच बरोबर होतं. म्हणूनच विचारलं नाही.

रविवारी मुलगा, सून आणि नात दुपारीच बाहेर गेली. चिन्यांचा भुतांचा महिना नुकताच संपला होता. खालच्या गवतावर मेलेल्यांसाठी कागद जाळायचे पत्र्याचे डबे अजून उभे होते, आतून काळे, रिकामे. मी आमच्या घराला कुलूप लावलं आणि देव्हाऱ्यातलं धुपाटणं, नारळाची शेंडी, ऊद घेऊन ओमाकडे गेले. शेंडी पेटवली, निखारे झाल्यावर ऊद टाकला. ओमा हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसली होती, खांद्यावर शाल. मी प्रत्येक खोलीत धूर फिरवला, कपाटांमागे, पलंगाखाली, बाथरूममध्येसुद्धा, कारण ती म्हणाली सगळीकडे. मग धुपाटणं स्वयंपाकघरात खिडकीपाशी ओट्यावर ठेवलं.

दार उघडलं, गेट उघडलं. पाखराचा पिंजरा उचलला. तो का उचलला हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ओमाने पिंजऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "मागे बघू नको."

मी गेले. लिफ्टमध्ये समोरचे आजोबा होते. पिंजरा बघून खूश झाले. "आंटी! बर्ड गातो?"

"नो," मी म्हटलं.

"माझा पण नाही. बायको गात होती, आता ती पण नाही," असं म्हणून ते स्वतःच मोठ्याने हसले.

खाली दगडी बाकावर बसले. तिथून आमच्या मजल्याच्या खिडक्या दिसतात. पिंजरा मांडीशी ठेवायला वाकले आणि पाहिलं, माझा हात ओला होता. ओला, आणि बोटांना राख.

मला आठवेना. मग आठवलं. निघताना मी स्वयंपाकघरात परत गेले होते. नळाखाली वाटी धरली होती आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं होतं. वर बोटांनी चाचपून पाहिलं होतं, सगळं विझलं ना. आई करायची तसं. घर सोडताना आग विझवायची, एवढंच माझ्या हाताला माहीत होतं. ज्या धुरासाठी हे सगळं, तो मी माझ्या हाताने विझवून खाली आले होते.

उठले. परत बसले. उजेड जायच्या आत वर गेलं तर तिच्या लेखी शिपाई गावात असताना रानातून बाहेर पडल्यासारखं. आमच्या लेखी तर देवाने परत या म्हणायच्या आधी वेस ओलांडल्यासारखं. आणि नाही गेलं तर धूर नाही. ती वर खुर्चीत वाट बघत असणार की मी खाली धूर बघते आहे. तिची शेवटची संध्याकाळ मी पाण्याने भिजवली होती. मी बसूनच राहिले. शरमेने की भीतीने, मला सांगता येत नाही.

मग मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी ओठ हलवायला लागले. त्यांचं गाणं मला येत नव्हतं. आमच्या देवळातली आरती येत होती, ती म्हटली, आवाज न काढता. ती सोपी नाही. मनात टाळ वाजत राहतात आणि तोंडातून काही येत नाही, आणि थोड्या वेळाने वाटायला लागतं की आपल्या आजूबाजूला आणखी कोणी तसंच बसलंय. मी बाजूला पाहिलं नाही. पाखरू पिंजऱ्यात एकदम स्तब्ध झालं होतं.

इमारतींच्या मधून एलआरटीची, उंच रुळावरची छोटी रेल्वेगाडी गेली. घरांजवळून जाताना तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, कोणाच्या घरात कोणी डोकावू नये म्हणून. आत दिवे होते, माणसं होती, पण सगळ्या काचा पांढऱ्या, आंधळ्या. गाडी गेली आणि तिच्यामागे मला वरची खिडकी दिसली.

ओमाच्या स्वयंपाकघरातून धूर येत होता. बारीक आणि सरळ.

मी आरती सोडली नाही. डोळे वर लावून बसले. थोड्या वेळाने शेजारच्या खिडकीतून धूर आला. ती आमची खिडकी होती. घराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला होती. मग त्यापुढच्या खिडकीतून. मग त्यापुढच्या. कोणीतरी कॉरिडॉरमधून सावकाश, एकेका घरात शिरून बाहेर पडत जावं, तसा.

समोरचे आजोबा पिशवी घेऊन परत येत होते. ते थांबले आणि वर पाहू लागले. "आय्यो," ते म्हणाले. "महिना संपला ना? अजून कोण जाळतंय?" उत्तराची वाट न बघता ते लिफ्टकडे गेले. जाताना त्यांनी पाऊल हळू टाकलं.

म्हणजे ते मी एकटीने पाहिलं नव्हतं.

उजेड गेला. मी पिंजरा घेऊन वर आले. दारात माझं धाडस होईना, म्हणून आधी नुसतं आत ऐकलं. ओमा होती तशीच बसली होती. शाल तशीच, पाय खुर्चीच्या पायरीवर, चपला सरळ. चाकांचा ब्रेक मी लावला होता तसाच लागलेला. तिचे ओठ हलत होते. ते थांबेपर्यंत मी उभी राहिले.

"धूर दिसला?" तिने विचारलं.

"दिसला."

"सगळ्या घरांत?"

"सगळ्या घरांत."

तिने डोळे मिटले. "मग शिपाई गेले," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले. धुपाटण्यात माझं पाणी तसंच साचलेलं होतं, वर ओली शेंडी तरंगत होती. मी धुपाटण्याला हात लावला आणि काढून घेतला. पितळ गरम होतं.

आमच्या घराचं कुलूप काढून मी दिवा न लावता ओट्यापाशी गेले. गॅस बंद होता. सकाळपासून पालथा घातलेला तवा होता. मी त्यावर तळवा ठेवला. किती वेळ ठेवला माहीत नाही. तो गार होईपर्यंत.

मी ओमाकडे परत आले. मागोमाग लेक आली ती दारातच थांबली. नाक वर केलं. मला वाटलं आता ओरडेल, आणि मी ते ऐकून घेणार होते. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पिंजऱ्याकडे, जो मी अजून खाली ठेवलाच नव्हता.

"तू खाली गेलीस?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"बाकावर? तोंड असं असं केलं?" तिने ओठ हलवून दाखवले, आणि तसं करता करता तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. "पप्पा दर वर्षी चुकायचे. त्यांना ते गाणं येतच नव्हतं. तोंडातल्या तोंडात बाजाराची यादी म्हणायचे. मासे, टोफू, साबण."

ओमा खुर्चीतून म्हणाली, "मला माहीत होतं." आणि आम्ही तिघी हसलो.

ओमा त्या होममध्ये गेली. मी सुनेबरोबर तिला भेटायला जायची. तिथे तिच्या खोलीत तिघीजणी होत्या, एक टीव्ही सतत चालू. ती माझा हात धरून बसायची. पाऊस फार झाला त्या दिवसांत ती गेली, झोपेत. पाखरू आमच्याकडे आलं. ते अजून गात नाही.

परवा लेक आमच्या गेटपाशी आली. शेजारचा फ्लॅट अजून तिचाच आहे, रिकामा आहे. बराच वेळ ती पाखराशी खेळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आंटी, तो दिवस येतोय. मी आणि मुलं खाली बसू. पण वर कोण राहणार?"

मला नाही म्हणता येत नाही. पण या वेळी मी मान हलवली नाही. तोंडाने म्हटलं, मी राहीन. माझा आवाज मलाच मोठा वाटला. सून आतून बघायला आली.

आमच्या गावात हे कोणाला सांगितलं तर काय म्हणतील ते मला माहीत आहे. मागे राहणारं माणूस मग आपलं राहत नाही, हे खरं असेल. पण चुलत आजी खाटेवरून ओरडत होती, त्यांना जेवायला कोण घालणार, तेव्हा आम्ही हसलो होतो. ती थट्टा करत नव्हती, असं मला आता वाटतं.

नारळाच्या शेंड्या गॅलरीत वाळत घातल्यात. धुपाटणं चिंचेने घासून ठेवलंय. नात म्हणाली, मीपण खाली बसणार, पिंजरा मी धरणार. मग जवळ येऊन विचारलं, "आजी, यू नॉट स्केअर्ड, मेह?"

"वाटते ना भीती."

"देन डोंट डू, लाह."

मी तिच्या केसांची वेणी सोडवून पुन्हा घातली. मग तिला सांगितलं, खाली बसलीस की वर बघत राहा. ओठ हलव, आवाज करू नको. आणि धूर दिसला नाही, तरी वर येऊ नको.